वाचकांचे प्रश्न : खाडीतली नळी, आंब्यावरचा दिवा आणि हिरवा पडलेला बोर्ड

या वेळचे बहुतेक प्रश्न किनारपट्टीवरून आलेत. विचारणारे एक तर अभियांत्रिकी भौतिकीचे विद्यार्थी आहेत, नाहीतर त्यांच्या प्रयोगांकडे संशयानं बघणारे घरचे. प्रश्न थोडक्यात दिलेत, उत्तरं मात्र लागतील तेवढी लांब.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून दाभोळ खाडीतली भरती-ओहोटी नोंदवतोय. एक अभियांत्रिकी भौतिकीचा, एक सिव्हिलचा, एक प्राणिशास्त्राची. धक्क्याच्या कडेला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर पाण्याकडे तोंड करून लावलाय, मागे ईएसपी३२ हा छोटा नियंत्रक बोर्ड. रीडिंग मध्येच २०-३० सेंटीमीटरनी उडी मारतं. शिवाय पाणी त्याच खुणेला असलं तरी दुपारचा आकडा वेगळा आणि पहाटेचा वेगळा. सेन्सर खराब आहे का? — दापोली

उत्तर : सेन्सर ठीक असणार. तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका आहेत आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

आधी उडीचं बघू. या सेन्सरचा आवाज सरळ रेषेत जात नाही, पसरत जातो. ३ मीटर खाली पोचेपर्यंत त्याचा झोत पाऊण मीटर रुंद झालेला असतो. त्या रुंदीत धक्क्याचा खांब, खांबावरची कालवं, बांधलेल्या होडीचा दोर, जे काही येईल त्याचा प्रतिध्वनी पाण्याच्या आधी परत येतो. त्यात लाटेचा उतार आला की पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि सेन्सर खांबालाच पाणी समजतो. म्हणून उघड्या पाण्यावर मोजू नका, नळीत मोजा. १६० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप सर्वांत खालच्या ओहोटीच्याही खाली जाईल एवढा लांब घ्या. त्याचं तळाचं तोंड झाकणानं बंद करा आणि झाकणाला १६ मिलिमीटरचं एकच भोक पाडा. भोक पाइपच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाचं, म्हणजे क्षेत्रफळात शंभरावा हिस्सा. बाहेर ३० सेंटीमीटरची लाट असली तर आत दोन-तीन सेंटीमीटरचा हेलकावा उरतो. भरती मात्र सहा तास चढत असते, त्यामुळे तिला या भोकाची अडचण होत नाही. आत-बाहेरचा फरक मिलिमीटरभरही पडत नाही.

हे भोक स्वच्छ आहे तोवरच खरं. खाडीच्या पाण्यात बार्नेकल आणि शेवाळ त्याच्यावर चढायला वेळ लावत नाहीत. भोक बुजत ४ मिलिमीटरवर आलं तर भर चढतीला आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा साधारण एक सेंटीमीटर मागे राहतं. तेच २ मिलिमीटरवर आलं की १५-२० सेंटीमीटर मागे. चूक हळूहळू शिरते, आलेख दिसायला उलट अधिक गुळगुळीत होतो आणि म्हणून कुणाला शंका येत नाही. भोकाभोवती तांब्याची जाळी बसवा, तांब्यावर हे जीव सहसा टिकत नाहीत. आणि दर अमावास्येच्या ओहोटीला खाली उतरून ब्रश मारा.

पाइप शक्यतो अखंड घ्या. दोन तुकडे कपलिंगनं जोडले तर जोडाच्या आतल्या कडेवरून हमखास खोटा प्रतिध्वनी येतो. तो कायम एकाच अंतरावर दिसतो, हीच त्याची ओळख. जोड टाळता आला नाही तर कड आतून कानशीनं तिरकी घासा. सेन्सर जेएसएन-एसआर०४टी हा बंद डोक्याचा घ्या. त्याला २०-२५ सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून सर्वांत मोठ्या उधाणाच्या पाण्यापासून तो निदान ४० सेंटीमीटर वर ठेवा. तो ५ व्होल्टवर चालतो आणि ईएसपी३२ची पिन ३.३ व्होल्टची आहे. इको पिन १ किलोओम आणि २ किलोओमच्या विभाजकातून आणा, थेट जोडू नका.

एका नोंदीसाठी ६० मिलिसेकंदांच्या अंतरानं ३० रीडिंग घ्या आणि त्यांचा मध्यक (क्रमानं लावल्यावर मधला आकडा) ठेवा, सरासरी नको. खोटे प्रतिध्वनी जवळजवळ सगळे एकाच बाजूला, म्हणजे कमी अंतराकडे चुकतात. सरासरी काढली की ती चूक पातळ होऊन सगळ्या नोंदींत मिसळते.

आता दुपार आणि पहाट. प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असा कायमचा लिहिलेला असणार. प्रत्यक्षात तो तापमानाबरोबर वाढतो: ३३१.३ अधिक तापमानाच्या ०.६ पट. २४ अंशांना ३४६, उन्हानं तापलेल्या नळीत ३८ अंशांना ३५४. फरक जेमतेम अडीच टक्के, पण ३ मीटरवर त्याचे ७ सेंटीमीटर होतात. दुपारी आवाज लवकर परत येतो आणि पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. आणखी एक खोड अशी की पाणी जितकं लांब तितकी ही चूक मोठी, म्हणजे ओहोटीला जास्त, भरतीला कमी. तुमच्या आलेखात भरती-ओहोटीच्या तालावरच एक खोटी भरती-ओहोटी मिसळते, आणि ती नंतर गणितानं काढून टाकता येत नाही. पाइपला पांढरा रंग द्या, वरच्या टोकाला हवेसाठी भोकं पाडा. तापमापक लावला तरी नळीत वर गरम आणि खाली थंड असतं, एकाच जागेचं तापमान पुरत नाही. त्यापेक्षा नळीच्या मापाच्याच दुसऱ्या छोट्या तुकड्यात तसलाच सेन्सर बसवा, बरोबर १ मीटरवर पत्रा ठेवा, आणि हा तुकडा मोठ्या नळीला चिकटून उभा बांधा. त्याच्या वेळेनं पाण्याच्या वेळेला भागा. तापमान बरंचसं आपोआप छाटलं जातं.

धक्क्यावर ऑइलपेंटनं एक खूण करा आणि सेन्सरचं तोंड त्या खुणेपासून किती उंचीवर आहे ते वहीत लिहा. पावसाळ्यात सेन्सर काढून परत लावाल तेव्हा ही एक ओळ सगळी नोंद वाचवेल. ईएसपी३२चं स्वतःचं घड्याळ झोपेच्या अवस्थेत भरकटतं, म्हणून डीएस३२३१ घड्याळ जोडा. ते वर्षाला एखाद मिनिटच चुकतं. नोंद दर १० मिनिटांनी घ्या. चंद्राची मुख्य भरती १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. या दोन वेगळ्या काढायला निदान १५ दिवसांची अखंड नोंद लागते. आठवड्याच्या आकड्यांवर कुणी विश्लेषण करून दाखवलं तर ते मानू नका.

तुमच्यातल्या प्राणिशास्त्रवाल्या मुलीसाठी यातच एक वेगळा प्रकल्प दडलाय. पाण्याखाली दाबमापक ठेवला तर तो उंची मोजत नाही, उंची गुणिले घनता मोजतो. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला १००० किलो, समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५. म्हणजे ३ मीटर पाण्यात खारट-गोड्याचा फरक साडेसात सेंटीमीटरचा. पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी खाडीत उतरलं की नुसत्या दाबमापकावर मोजणारा माणूस फसतो. तुम्ही मात्र नळीतून खरी उंची घ्या, दाबाला त्या उंचीनं भागा, आणि सरासरी घनता मिळवा. म्हणजे तिसऱ्या-कालवांना त्या आठवड्यात किती खारं पाणी मिळालं ते कळेल. दोन पथ्यं पाळा. दाबमापक नळीच्या बाहेर हवा, कारण नळीत तळाचं पाणी अडकून बसतं. आणि पेटीत हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० हवा, कारण हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं बदलला की पाणी १ सेंटीमीटरनं बदलल्यासारखं दिसतं. ३ मीटरमध्ये १ सेंटीमीटर चुकलात तर क्षारतेत हजारी चार-पाच भागांची चूक होते, म्हणून हा हिशेब पूर्ण भरतीच्या वेळीच करा. जूनमधला मोठा बदल दिसेल. रोजचा बारीक चढउतार दिसणार नाही, तो दाखवायचा आग्रहही धरू नका.

प्रश्न : आमच्याकडे मच्छीमार तिथीच्या पाऊणपट वाजता भरती धरतात. नातू म्हणतो याला आधार नाही. खरं काय? — हर्णै

उत्तर : नातवाला कागद-पेन्सिल द्या. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकणं. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटं. म्हणजे दर तिथीला भरती सरासरी ४८ मिनिटं उशिरा येते. पाऊणपटीचा नियम ४५ मिनिटं धरतो. चतुर्थीला नियमानं ३ वाजता, हिशेबानं ३ वाजून १२ मिनिटांनी. अष्टमीला ६ आणि ६.२४. पौर्णिमेपर्यंत चूक पाऊण तासावर जाते (सव्वाअकरा आणि बारा), पण तिथं तिथीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे चूक साठत नाही. तोंडी हिशेबासाठी याहून सोपा अपूर्णांक सापडणं कठीण.

सरासरीपासून खरी भरती दोन कारणांनी ढळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सूर्य चंद्राला साथ देतो आणि रोजचा उशीर सरासरीपेक्षा कमी असतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत तो तासाच्याही वर जातो. शिवाय प्रत्येक बंदराचा स्वतःचा एक ठरावीक फरक असतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा. नातवानं महिनाभर हर्णैच्या बंदरात पूर्ण भरतीच्या वेळा लिहून तिथीसमोर मांडल्या तर तुमच्या बंदराचा फरक त्यालाच काढता येईल. प्रकल्प म्हणून हा वरच्या प्रकल्पाइतकाच चांगला, आणि खर्च वहीचा.

प्रश्न : हापूसमधला साका आंबा न कापता ओळखणारं यंत्र करायचं आहे. एएस७२६५एक्स हा १८ तरंगलांबींचा सेन्सर आणलाय, ५० आंब्यांवर मशीन लर्निंगनं ९६ टक्के अचूकता आली. पुढे काय? — देवगड

उत्तर : पुढे नाही, आधी मागे जा. साका म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष; तो बाठ्याजवळच्या गरात होतो, सालीवर त्याची खूण नसते. तुमचा सेन्सर ४१० ते ९४० नॅनोमीटर बघतो. यातला ७०० पर्यंतचा प्रकाश सालीतच अडकतो. त्यापुढचा गरात शिरतो, पण सेन्सर आंब्याला टेकवून, स्वतःच्याच दिव्यानं उजेड पाडून जो प्रकाश परत येतो त्यातला बहुतेक साल आणि तिच्याखालच्या काही मिलिमीटरांतला. मग ९६ टक्के आले कुठून? बहुधा एकाच झाडाचे, एकाच दिवशी उतरवलेले आंबे शिकवणीतही होते आणि परीक्षेतही. मॉडेलनं साका ओळखला नाही, झाड ओळखलं. ५० आंब्यांत साक्याचे पाच-सहाच असले तर सगळ्यांना ‘चांगला’ म्हणणारं यंत्रसुद्धा ९० टक्क्यांपर्यंत जातं, हेही तपासा. एक्स-रेच्या प्रतिमेत साका दिसतो, पण ते यंत्र कॉलेजच्या टेबलावर परवान्याशिवाय जोडायची गोष्ट नाही.

हाच सेन्सर घेऊन गरातल्या कोरड्या भागाचं (पाणी उडाल्यावर उरतं त्याचं) प्रमाण मोजा. आंबा उतरवायला झाला की नाही याचा तो चांगला निकष आहे, आणि तो गरभर पसरलेला असल्यामुळे वरवरच्या प्रकाशालाही सापडतो. सेन्सरवरचे एलईडी बंद ठेवा. १२ व्होल्ट ५ वॉटचा छोटा हॅलोजन दिवा घ्या आणि तो सेन्सरपासून १२-१५ मिलिमीटर बाजूला बसवा. दोघांच्या मधे काळ्या फोमची भिंत आंब्यावर घट्ट दाबली गेली पाहिजे. सालीवरून सरळ उसळणारा प्रकाश तिथं अडतो आणि गरातून फिरून आलेलाच आत शिरतो. फोम आणि साल यांच्यात फट राहिली तर आकडा एकदम दुप्पट-तिप्पट होतो, त्यावरूनच ओळखा. दर १० आंब्यांनंतर १० मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या टेफ्लॉनवर एक रीडिंग घ्या. दिवा तापत जातो तसा त्याचा रंग सरकतो. फळं रात्रभर एकाच खोलीत ठेवून मग मोजा, कारण पाणी ज्या तरंगलांबींचा प्रकाश शोषतं तो पट्टा तापमानानं हलतो.

मोजून झालं की त्याच जागेचा १०-१५ ग्रॅम गर कापून ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. दोन दिवस लागतात, घाई करून तापमान वाढवलं तर साखर करपते आणि वजन चुकतं. फळं १२० ते १५० हवीत, निदान तीन बागांतली. दोन बागांवर शिकवा आणि तिसरीवर परीक्षा घ्या. अचूकता घसरेल. तोच आकडा अहवालात लिहा. आणि काढणीच्या निकषांवर बोलायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जाऊन या. बागायतदाराला काय उपयोगी पडेल ते तिथं अर्ध्या तासात कळेल.

प्रश्न : आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणाऱ्या) पेटीत ठेवलेला हवामानाचा बोर्ड महिन्यात हिरवा पडतो. पेटीची भोकं सिलिकॉननं बुजवली तर जास्तच लवकर. — वेंगुर्ले

उत्तर : सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला होता ना? त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, बंद पेटीत कोंडतं आणि तांबं खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या, आणि ते लावल्यावर पेटी दोन दिवस उघडी ठेवा.

मूळ दुखणं मिठाचं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की बोर्डावर बसलेला मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता त्याखाली फारशी उतरतच नाही. म्हणजे पाण्याचा थेंबही न पडता बोर्डावर खाऱ्या पाण्याचा थर असतो, त्यातून वीज वाहते आणि धन बाजूचं तांबं विरघळत जातं. भिंगातून बघा: हिरवेपणा ५ व्होल्टच्या पिनेपाशी दाट असेल, शेजारच्या ग्राउंडपाशी विरळ.

पाणी आत येतं कसं, तेही बघा. उन्हात पेटीतली हवा ४५ अंशांवर असते आणि अचानक सर येऊन ती २५ वर उतरते. आतला दाब ६ टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. म्हणजे ६० सेंटीमीटरहून अधिक उंच पाण्याचा स्तंभ ओढेल एवढी ओढ! केबलच्या ग्लँडवर (केबल आत घेणाऱ्या रबरी बुचावर) त्या क्षणी पाणी असलं तर ते आत जाणारच. तेव्हा पेटी घट्ट करायच्या मागे लागू नका, तिला श्वास घेऊ द्या: खालच्या बाजूला पाणी अडवून हवा सोडणारा व्हेंट बसवा, केबल खालूनच आत घ्या आणि आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्या. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन, वाळवून, वर ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात द्या. सॉकेट आणि जंपर वायर काढून टाका, सगळं सोल्डर करा. पहिली मरते ती जंपरची टोकं. स्क्रू ३१६ स्टीलचे घ्या, किनाऱ्यावर ३०४ला तांबूस डाग पडतात. सिलिका जेलची पुडी ठेवलीत तर ती दर पंधरवड्याला बदलणार असाल तरच, नाहीतर ती ओल धरून बसते.

प्रश्न : अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेसारखी नोंद मोबाइलमधल्या सेन्सरनं घेता येईल का? — नागाव

उत्तर : नाही. ही वेधशाळा मुंबईच्या कुलाब्याहून १९०४ च्या सुमारास अलिबागला आली. कारण होतं मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्राम. आडवं (जमिनीला समांतर) चुंबकीय क्षेत्र तिथं सुमारे ३८ हजार नॅनोटेस्लाचं आहे, आणि शांत दिवशी सूर्यामुळे त्यात होणारा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा. मोबाइलमधल्या जातीच्या सेन्सरची स्वतःची थरथरच शेकड्यात असते. शिवाय तापमान बदललं की तोही सरकतो, आणि दुपारी तापलेला सेन्सर हुबेहूब सूर्याचा परिणाम दाखवतो. अशी फसवी नोंद अनेक प्रकल्प-अहवालांत सापडते.

आरएम३१०० सेन्सर घ्या. मिनिटभराच्या शेकडो रीडिंगांच्या सरासरीत तो काही नॅनोटेस्लांपर्यंत जातो. तो जमिनीत अर्धा मीटर पुरा म्हणजे तापमान स्थिर राहील, आणि मोटरसायकल, पंप, पत्र्याचं छप्पर यांच्यापासून लांब ठेवा. जांभ्याच्या कुंपणापासूनही दूर असू द्या, जांभ्यात लोह भरपूर.

वीज नको असेल तर जुनी रीत आहे: बारीक रेशमी धाग्याला बांधलेलं छोटं चुंबक, त्याला चिकटवलेला आरसा, आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर लेसरचा ठिपका. चुंबक एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग फिरलं की ठिपका पावणेदोन मिलिमीटर सरकतो. तेवढ्याला आडव्या क्षेत्राचा पूर्व-पश्चिम भाग ११ नॅनोटेस्लांनी बदललेला असतो. वाऱ्यासाठी भोवती काचेची बरणी उलटी ठेवा आणि चुंबकाखाली तांब्याची जाड चकती, म्हणजे झोके लवकर थांबतील. धाग्याचा पीळ उतरायला आठवडा द्या.

प्रश्न : मुलगी पवईला अभियांत्रिकी भौतिकी शिकते. सुट्टीत येऊन विहिरीत तारा सोडते. भौतिकीचा आणि विहिरीचा काय संबंध? — गुहागर

उत्तर : ती विहीर खारी होतेय का ते बघत असावी. समुद्राजवळ गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर जितकं गोडं पाणी, त्याच्या सुमारे चाळीसपट ते समतोलात खाली असतं. उपसा करून पातळी कायमची अर्धा मीटर उतरली तर खारं पाणी कालांतरानं २० मीटर वर सरकू शकतं. तिला एवढंच सांगा: विजेच्या वाहकतेसाठी तारांना एकाच दिशेची वीज देऊ नको, टोकांवर बुडबुडे धरून आकडा घसरतो; उलटसुलट वीज दे. मापकाची खातरजमा करायला १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवायचं, २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर दिसलं पाहिजे. आणि विहिरीत वरचं पाणी नको, पंपाच्या फुटव्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या खालच्या तोंडाच्या) पातळीचं मोजायचं. पंप सुरू करण्याआधी एकदा आणि तासाभरानं एकदा.